निरंक लिफाफा

१

तो लिफाफा मंगळवारी उघडला की बुधवारी, यावर गोपीनाथ पांढरीपांडे यांची स्वतःशी आजही हुज्जत चालते. मंगळवार म्हणावं, तर त्या दिवशी गॅसचं सिलिंडर आलं होतं आणि सिलिंडरवाल्याशी वाद घालण्यात अख्खी दुपार गेली होती. बुधवार म्हणावं, तर वासंतीबाईंच्या गुडघ्याच्या व्यायामाची बाई यायची. मग लिफाफा उघडला कधी? आणि ज्याला एवढंही धड सांगता येत नाही, त्याच्या पुढच्या हकिगतीवर कुणी का विश्वास ठेवावा? हा प्रश्न दुसऱ्या कुणी विचारायच्या आत ते स्वतःच विचारतात आणि मग स्वतःवरच चिडतात.

तेव्हा त्यांचं वय सत्त्याहत्तर होतं. संख्याशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, डॉक्टरेट, भोपाळमध्ये चाळीस वर्षांची नोकरी. मोजणीत चूक कुठून शिरते हे आयुष्यभर पोरांना शिकवलेला माणूस. शाहपुऱ्यातल्या तलावाच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुमजली घर होतं. खाली ते आणि वासंतीबाई राहत. वरची खोली मुलीची, मंजूषाची. ती लग्न करून पुण्याला गेल्यावर तिथे पुस्तकं, जुने स्वेटर आणि एक पलंग एवढंच उरलं होतं.

पुण्याहून मंजूषाचा रोज फोन यायचा. आणि रोज शेवटी तेच.

"बाबा, आता पुरे झालं. घर विका आणि इकडे या."

"मी ठणठणीत आहे."

"गेल्या महिन्यात गॅस चालू ठेवून तळ्यावर फिरायला गेलात."

"तुझी आई होती घरात."

"आई झोपली होती, बाबा!"

मंजूषाने त्यांची स्मरणशक्तीची तपासणीही करवली होती. तरुण डॉक्टरने आजची तारीख विचारली, घड्याळ काढायला लावलं, शंभरातून सात-सात वजा करायला सांगितलं. तीसपैकी सव्वीस गुण पडले. गोपीनाथरावांनी तिथेच त्या डॉक्टरला विचारलं होतं, "सव्वीसची त्रुटिमर्यादा किती?" डॉक्टर हसला होता. मंजूषा हसली नव्हती. पुन्हा काही विसरलात तर मी येऊन घेऊन जाईन, असं तिने बजावलं होतं, आणि ती तसं करणारी होती.

२

आता शब्दांचं काय प्रकरण होतं ते.

मराठी मंडळाच्या वाचनालयात दर रविवारी दुपारी म्हातारी मंडळी इंग्रजी अक्षरांच्या सोंगट्यांचा खेळ मांडत. पटावर शब्द जुळवायचे आणि गुण मिळवायचे. खेळ साधा, पण भांडणं भयंकर. कुणीतरी झेड आणि एक्स असलेला तीन अक्षरी 'झॅक्स' लावला, त्रेपन्न गुण मागितले, आणि अर्थ विचारल्यावर "असेल काहीतरी" म्हणाला. त्यावरून दोन मित्रांनी तीन महिने अबोला धरला. शेवटी सर्वसाधारण सभेत रीतसर ठराव झाला: अर्थ मराठीत सांगता आला तरच शब्द मान्य. ज्याने अर्थ सांगितला, शब्द त्याचा.

ठराव झाला की समिती आलीच, आणि समिती आली की तिचं काम एकाच्याच गळ्यात पडतं. अवघड अक्षरांच्या छोट्या इंग्रजी शब्दांची अर्थांसहित पुस्तिका करायचं काम गोपीनाथरावांकडे आलं. मंडळाचे सचिव मिलिंद खेडलेकर, वीज खात्यातून निवृत्त झालेले, रोज तगादा लावत.

"सर, कुठवर आलं? वार्षिक संमेलनात वाटायचीय. आख़िर कब तक?"

"क्यू संपला. झेड चालू आहे."

"अहो, पूर्ण डिक्शनरी नको आपल्याला, सर. छोटी-मोटी चालेल."

"छोटी-मोटी चालत नाही. एक तर पूर्ण असते नाहीतर चुकीची असते," असं म्हणून गोपीनाथरावांनी फोन ठेवला.

त्यांची पद्धत अशी होती. लग्नपत्रिकांचे दोन्ही बाजूंनी कोरे भाग कापून पत्ते केले होते. एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला मराठी अर्थ. झॅक्स: छपराच्या पाटीला खिळ्याचं भोक पाडायचं हत्यार. केक्स: वाळून पोकळ झालेला देठ. कोशात पडताळलं की कोपऱ्यात तांबड्या पेन्सिलीची खूण. त्या खुणेची शेपटी ते जरा लांब ओढत, परीक्षेचे पेपर तपासायची जुनी सवय. आणि अक्षरांच्या प्रत्येक जोडीला एक लिफाफा: क्यू-झेड, झेड-एक्स, जे-झेड, असे. ज्या जोडीचा एकही तीन अक्षरी शब्द सापडला नाही, त्या लिफाफ्यावर त्यांनी सरकारी रिवाजाप्रमाणे 'निरंक' असं लिहून तो चिकटवून टाकला होता. जे आणि एक्स ही जोडी निरंक होती. दोन कोश तीनदा चाळून ते तिथे पोचले होते.

तर त्या मंगळवारी किंवा बुधवारी लिफाफे नीट लावताना जे-एक्सचा लिफाफा त्यांच्या बोटांना जाड लागला.

३

लिफाफा चिकटवलेलाच होता. त्यांनी तो सुरीने उघडला. आत एक पत्ता होता. पुढे तीन अक्षरं, त्यांत जे आणि एक्स दोन्ही. तो शब्द त्यांनी पुढे कधीच कुणाला सांगितला नाही. मागे अर्थ:

'क्रि. दुसऱ्याच्या खुर्चीची ऊब निवायच्या आत तिच्यात बसणे.'

अक्षर त्यांचंच. कोपऱ्यात तांबडी खूण, शेपटी लांब ओढलेली.

प्रथम त्यांना संताप आला. भीती नव्हे, संताप. दोन दिवस कोशाच्या पानांवर डोळे फोडले तेव्हा हा शब्द कुठे होता? पुन्हा मोठा कोश काढला, जे काढला, एक्स काढला. नाही. छोटा कोश काढला. नाही. मग त्यांनी हिशेब मांडला. शक्यता एक: शब्द कुठेतरी वाचला, लिहिला, पडताळला आणि विसरलो. शक्यता दोन: कुणीतरी चेष्टा केली. पण त्यांच्या अक्षरात चेष्टा करणारा घरात होता कोण?

"वासंती, माझ्या लिफाफ्यांना कुणी हात लावला होता?"

वासंतीबाई ग्वाल्हेरच्या. स्वयंपाकघरातून आवाज आला, "मला दुसरी कामं नाहीत का? तुमचे ते कागदाचे तुकडे पाहून मी फक्त परेशान होते. आणि अहो, पोहे केलेत तुम्ही म्हणालात तसे, दाणे जास्त घालून. थंड होतायत."

"मी कधी म्हणालो?"

"आत्ता. पंधरा मिनिटं झाली. ओट्यापाशी उभं राहून."

पंधरा मिनिटांपूर्वी ते मागच्या अंगणात दोरीवरचे कपडे काढत होते. निदान त्यांना तसं वाटत होतं. कपडे खुर्चीवर पडले होते, म्हणजे कुणीतरी काढले होते हे खरं. "मी म्हणालो नाही," असं म्हटलं असतं, तर संध्याकाळी ते वाक्य फोनवरून पुण्याला पोचलं असतं.

त्यांनी पोहे खाल्ले. दाणे खरंच जास्त होते. तसे त्यांना आवडत.

४

पुढचे चार-पाच दिवस ते स्वतःवर पाळत ठेवून होते. वहीत वेळा लिहायला लागले. दहा पाच: दाढी. अकरा: वर्तमानपत्र. बारा वीस: मिलिंदशी फोन, निष्फळ. विद्यार्थी असताना प्रयोगशाळेत लिहीत तसं. वासंतीबाईंनी ती वही पाहिली तेव्हा कपाळाला हात लावला.

"आता काय, शिंकलात तरी लिहिणार?"

"नोंद असावी."

"कशाला? मी सांगते ना काय काय करता ते. सकाळपासून दोनदा मला येऊन विचारलंत, गुडघा कसा आहे. चाळीस वर्षांत कधी विचारलं नव्हतं. आता विचारताय तर मी काही बोलत नाही. बरं वाटतं."

गोपीनाथरावांनी वही उघडली. गुडघ्याची नोंद नव्हती. एकदाही नव्हती. खजील होऊन त्यांनी विचारलं, "मग कसा आहे?"

"आता तिसऱ्यांदा!" वासंतीबाई हसल्या.

त्या दुपारी जे-एक्सच्या लिफाफ्यात दुसरा पत्ता निघाला. वेगळा शब्द, तीच दोन अक्षरं.

'ना. घरच्यांनी फरक न ओळखल्यामुळे मिळणारी मोकळीक.'

बाहेर भाजीवाला मेथी, मेथी करत गेला. एक गोष्ट त्यांना सर्वांत जास्त टोचत होती आणि ती फार क्षुल्लक होती: अर्थ चांगला लिहिला होता. नेमका, एकही शब्द फालतू नाही. त्यांना तो लिहायला तीन खर्डे लागले असते.

वासंतीला दाखवावं का? उठून ते स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले. ती मेथी निवडत होती आणि गुणगुणत होती. बऱ्याच वर्षांनी गुणगुणत होती. पत्ता दाखवला तर ती अक्षर ओळखणार, "हे तुमचंच तर आहे" म्हणणार, घाबरणार आणि मंजूषाला सांगणार. मंजूषा येणार. मग हे घर, हा तळ्यावरचा वारा, चाळीस वर्षांची ही खुर्ची, सगळं संपणार. त्यांनी पत्ता खिशात ठेवला.

५

आठ फेब्रुवारी, गुरुवार, दोन हजार अठरा. ही तारीख मात्र पक्की, कारण वहीत आहे.

दुपारी चारला पाच कमी असताना गोपीनाथराव वर गेले. मंजूषाच्या खोलीत एक जुना, चामडी बांधणीचा कोश होता. त्यांचे वडील नागपूरहून सरकारी बदलीने इकडे आले तेव्हा बरोबर आणलेला. तोच एक पाहायचा राहिला होता. तिथे ते शब्द सापडले तर डोकं चालत नाही एवढंच सिद्ध होणार होतं, आणि त्यांना तेव्हा तेच हवं होतं. माणूस विसरला, एवढं तर चालेल.

खोलीत धुळीचा आणि डांबराच्या गोळ्यांचा वास होता. कोश पलंगाखाली होता. गुडघ्यावर बसून त्यांनी तो ओढला, जे उघडलं, बोट खाली नेलं. नव्हते. एक्स. नव्हते.

तेवढ्यात मागे दाराची कडी लागली. बाहेरची. सावकाश, कुणी आवाज न करता लावावी तशी, पण जुनी कडी असल्यामुळे शेवटी एक टक् झालंच.

त्यांनी सवयीने मनगटाकडे पाहिलं. चार वाजून आठ मिनिटं.

"वासंती?"

वासंतीबाई दोन वर्षांत जिना चढल्या नव्हत्या. हे त्यांना हाक मारल्यानंतर आठवलं.

कडी आपोआप पडली असेल. लाकूड थंडीत आखडतं. वाऱ्याचा झोत आला असेल. एकेक कारण ते पुढे करत होते आणि एकेक मागे घेत होते, कारण ती कडी आडवी सरकवायची होती, पडायची नव्हती. त्यांनी दार ढकललं. मग ठोठावलं. मग मुठीने धाडधाड वाजवलं. कंटाळलेल्या, त्रासलेल्या माणसासारखं. अजूनही त्यांचा राग भीतीच्या पुढे दोन पावलं होता.

६

त्या खोलीला जिन्याच्या बाजूला सिमेंटची जाळी होती. तिच्यातून खालच्या जेवणाच्या टेबलाचं एक टोक दिसे. गोपीनाथराव जाळीपाशी गेले.

खाली वासंतीबाई स्वयंपाकघरातून चहाचा कप घेऊन आल्या. लंगडत, एक हात भिंतीला लावत. टेबलाशी आल्या आणि कप ठेवला. गोपीनाथरावांच्या खुर्चीच्या समोर ठेवला.

"साखर अर्धाच चमचा घातलीय. तुम्हीच म्हणालात म्हणून."

खुर्ची जाळीच्या कडेबाहेर होती. खुर्चीत बसलेलं कुणी दिसत नव्हतं. पण टेबलावर एक हात दिसत होता, कोपरापर्यंत. राखाडी स्वेटरची बाही, मनगटाशी उसवलेली. गोपीनाथरावांनी आपल्या मनगटाकडे पाहिलं. राखाडी, उसवलेली.

हात पत्त्यावर काही लिहीत होता. थांबला. तांबडी पेन्सिल उचलून खूण केली, शेपटी लांब ओढली. मग कपाचा कान दोन बोटांत धरला.

"हाक मार," असं गोपीनाथरावांनी स्वतःला सांगितलं. जाळी तोंडापासून चार बोटांवर होती. नुसतं "वासंती" म्हटलं असतं तरी ऐकू गेलं असतं.

आणि मग त्यांच्या मनात आलं: हाक मारली, तिने वर पाहिलं, मला पाहिलं. मग समोर पाहिलं. आणि समोरच्याला पाहून तिला काहीच वेगळं वाटलं नाही, तर? किंवा दोघांत निवडायची वेळ आली आणि तिने वर पाहणं थांबवलं, तर? ज्याने पोह्यात दाणे जास्त मागितले, गुडघा कसा आहे विचारलं, तो खाली होता. वर होता तो चाळीस वर्षांत न विचारणारा.

त्यांनी हाक मारली नाही.

खाली वासंतीबाई कशावर तरी हसल्या. त्या हाताने टेबलावरचा वासंतीबाईंचा मोबाइल ओढून घेतला. गोपीनाथराव जाळीपासून मागे सरले, पलंगावर बसले आणि डोळे मिटून घेतले. एकदा पुन्हा उठून दार वाजवलं, तेही तीनच वेळा. नंतर नाही.

चार वाजून पंचवीस मिनिटांनी त्यांनी दाराला हात लावला. ते उघडंच होतं.

७

"आता पुन्हा वर कशाला गेला होतात?" वासंतीबाई वैतागल्या. "जिना चढू नका म्हणते ना! आणि काय झालं? चेहरा बघा."

टेबलावर रिकामा कप. तळाशी चहाची ओली कड. खुर्चीला त्यांनी हात लावून पाहिला नाही. कपाशेजारी एक नवा पत्ता होता, शाई नीट सुकलेली नव्हती. पालथा होता, अर्थाची बाजू वर:

'ना. ज्याला खाली यायची आता घाई नाही असा.'

त्यांनी तो पत्ता आणि लिफाफ्यातले दोन्ही गॅसवर जाळले. वासंतीबाई पाहत उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंजूषाचा फोन. आवाज नुसता उमलला होता.

"बाबा! तुमचा निरोप कालपासून चार वेळा ऐकला. मला वाटलंच नव्हतं तुम्ही स्वतःहून तयार व्हाल."

गोपीनाथराव रिसीव्हर धरून उभे राहिले. म्हणजे फोन हातातच होता, पण त्यांना जुना जड रिसीव्हर धरल्यासारखं वाटलं.

"कशाला तयार?"

पलीकडून अगदी हळू, सांभाळून, "बाबा... तुम्हाला आठवत नाही का?"

त्या एका प्रश्नासरशी त्यांच्यापुढे दोन्ही रस्ते उभे राहिले. "मी बोललो नाही," म्हणावं तर मुलगी उद्याच्या विमानाने येणार, डॉक्टर, तपासण्या, आणि घर जाणार. "बोललो" म्हणावं तरी घर जाणार. फक्त डोकं शाबूत असल्याची अब्रू राहणार. निवृत्त प्राध्यापकाने दोन्ही बाजू तोलल्या. फरक फारच थोडा होता.

"आठवतं," ते म्हणाले. "तुझी गंमत केली."

"केवढं घाबरवलंत!" मंजूषा रडत हसली. "आई कुठेय? द्या तिला."

वासंतीबाईंनी फोन घेतला आणि दहा मिनिटं बोलल्या. मधेच नवऱ्याकडे पाहून त्यांनी मान डोलावली. खूप दिवसांनी इतक्या प्रेमाने. त्या नजरेचं श्रेय कुणाचं, हे गोपीनाथरावांना विचारायचं होतं.

८

एप्रिलमध्ये घर विकलं गेलं. पुस्तिका अर्धीच राहिली. मिलिंदने "सर, आपने तो नैया डुबो दी" म्हणून फोनवर त्रागा केला आणि नंतर निरोपाच्या जेवणात दोन मोदक जास्त वाढले. पुण्यात नववा मजला, लिफ्ट, खाली बाग. तिथे कधी काही झालं नाही. गोपीनाथरावांनी हळूहळू आपल्याशी समेट केला. ते चहा प्यायले होते, मुलीला निरोपही त्यांनीच पाठवला होता, आणि नंतर वर जाऊन पलंगावर डुलकी लागली, तीत बाकीचं दिसलं. वहीतल्या वेळा? जो विसरतो तो चुकीचंही लिहितो. मोजणीत चूक अशीच शिरते. या स्पष्टीकरणावर त्यांनी पाच वर्षं काढली.

वासंतीबाई दोन हजार बावीसच्या पावसाळ्यात गेल्या. शेवटच्या दिवसांत त्या एकदा म्हणाल्या होत्या, "भोपाळला शेवटी शेवटी तुम्ही किती चांगले वागत होतात हो." यावर गोपीनाथरावांनी फक्त त्यांचा हात धरला होता.

वर्षश्राद्धाच्या दिवशी जेवणं झाल्यावर मंजूषा आईच्या नंबरवरून आलेले जुने आवाजी निरोप एकेक करून लावत होती. आईचा आवाज ऐकायचा म्हणून. पाच वर्षांच्या निरोपांमध्ये तिने एकाला चांदणीची खूण करून ठेवली होती.

"हा तुमचा, बाबा. आईच्या फोनवरून पाठवलेला. मागून आईही बोलतेय बघा."

"राहू दे," ते म्हणाले. पण तिने बोट लावलं होतं.

त्यांचा आवाज. खाकरून बोलायला सुरुवात करायची त्यांची पद्धत. "मंजू, मी आणि तुझी आई येतो तुझ्याकडे. घराला गिऱ्हाईक बघ." मग मागून वासंतीबाई: "अहो, वर कसला आवाज येतोय? कुणी दार वाजवतंय का?" आणि खरंच, लांबून, लाकडावर मूठ आपटल्याचे आवाज. एक, दोन, तीन. मग आवाज थांबतात. मग त्यांचाच आवाज, शांत, जरासा प्रेमळ: "काही नाही ग. थांबेल तो."

मंजूषाने चष्मा पुसला. गोपीनाथरावांनी तिच्या हातून फोन घेतला, डोळ्यांजवळ धरला आणि निरोपाखालचे बारीक आकडे वाचले. आठ फेब्रुवारी दोन हजार अठरा, दुपारी चार वाजून बारा मिनिटं. लांबी एक्केचाळीस सेकंद.